डॉक्टरकी शिकले, पण दवाखाना टाकला नाही. त्यांनी रोबोटला मन दिलं

‘घोस्ट इन द शेल’ किंवा ‘प्लूटो’सारखी अ‍ॅनिमे बघून झाली की त्यातली मारामारी विसरायला होते. डोक्यात राहतो तो एकच प्रश्न. मशीनला वाईट वाटत असेल, तर ते वाटणं खरं मानायचं का?

चॅटबॉट आता प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आलाय, म्हणून हा प्रश्न नवा वाटतो. पण जपानच्या ओसामू तेझुका यांनी तो १९५१ सालीच विचारला होता, आणि तोही लहान मुलांच्या मासिकात.

तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ चा, ओसाकाजवळच्या तोयोनाका गावातला. वडिलांकडे घरीच प्रोजेक्टर होता, त्यामुळे डिस्नेचे सिनेमे लहानपणीच बघायला मिळाले. दुसरा नाद किड्यांचा. तो एवढा की ओसामूने स्वतःच्या नावापुढे ‘किडा’ या अर्थाचं अक्षर जोडून टाकलं. पुढे जग त्याच नावाने ओळखू लागलं.

१९४५ मध्ये ओसाकावर बॉम्ब पडले तेव्हा ते तिथल्या कारखान्यात कामाला होते आणि थोडक्यात वाचले. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैनिकांनी त्यांना रस्त्यात मारलं. कारण काय, तर बोलणं एकमेकांना कळलं नाही. एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत न पोहोचणं हा विषय इथून त्यांच्या डोक्यात बसला, असं ते पुढे सांगायचे.

एकीकडे ओसाका विद्यापीठात मेडिकल आणि दुसरीकडे मांगा, असं दोन्ही चालू होतं. डॉक्टरकीचा परवाना मिळाला, १९६१ मध्ये डॉक्टरेटही झाली. पण दवाखाना काही उघडला नाही.

तोवर ‘अ‍ॅटम’ घराघरांत पोहोचला होता. आपण त्याला ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ म्हणून ओळखतो. तो गोड दिसतो, पण त्याची गोष्ट गोड नाही. शास्त्रज्ञ तेन्मा यांचा मुलगा अपघातात जातो आणि ते हुबेहूब त्याच्यासारखा रोबोट बनवतात. काही दिवसांनी लक्षात येतं की हा पोरगा वाढतच नाहीये. मग हाच बाप त्याला सर्कशीला विकून टाकतो!

इथे रोबोट माणसावर उलटत नाही, माणूसच रोबोटला टाकून देतो. पुढच्या कितीतरी अ‍ॅनिमेंचा पाया यातच आहे, असं मला वाटतं. लोकांनी मात्र अ‍ॅटमला विज्ञानाचा जयजयकार समजून डोक्यावर घेतलं, आणि याची खंत तेझुकांना होती.

१ जानेवारी १९६३ ला अ‍ॅटम टीव्हीवर आला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग काढायचा, म्हणून कमी चित्रं, फक्त ओठ हलवायचे, जुनी दृश्यं पुन्हा वापरायची असे जुगाड केले. टीव्हीला मालिका विकलीही स्वस्तात. जपानमधल्या अ‍ॅनिमेटर्सच्या तुटपुंज्या पगाराचा विषय निघाला की त्या किमतीचा उल्लेख आजही होतो. तेझुकांची स्वतःची ‘मुशी प्रॉडक्शन’ १९७३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

त्यांनी ‘बुद्ध’ काढला, ‘ब्लॅक जॅक’ काढला. पण एआयवरचा त्यांचा सगळ्यात जड भाग ‘फिनिक्स’ मालिकेत आहे. लिओना नावाच्या तरुणाला अपघातानंतर कृत्रिम मेंदू बसवतात. त्यानंतर त्याला जिवंत माणसं ओबडधोबड ढेकळांसारखी दिसतात, आणि एक कामकरी रोबोट मात्र सुंदर मुलगी दिसते. तो तिच्या प्रेमात पडतो. दोघांच्या आठवणी एकत्र करून ‘रोबिटा’ हा रोबोट तयार होतो, मग त्याच्या भरमसाट प्रती निघतात. पुढे एका मुलाच्या मृत्यूचा ठपका रोबिटांवर येतो आणि रोबिटांच्या रांगा स्वतःहून भट्टीत उतरतात. हे वाचून झाल्यावर त्या दिवशी दुसरं काही वाचवत नाही.

९ फेब्रुवारी १९८९ ला पोटाच्या कॅन्सरने तेझुका गेले, वयाच्या ६० व्या वर्षी. हॉस्पिटलमध्येही त्यांचं चित्र काढणं चालू होतं. ‘नियो फाउस्ट’ची शेवटची पानं पेन्सिलच्या कच्च्या रेघांतच राहिली. त्याच वर्षी मासामुने शिरो यांचा ‘घोस्ट इन द शेल’ हा मांगा छापून यायला सुरुवात झाली.