पाटनगढचा कथेकरी चितारी : जनगढ सिंह श्याम

भारतीय मुलांच्या हाती गेल्या दोन दशकांत जी देखणी चित्रपुस्तके आली, त्यांतील काहींचे मूळ शोधू गेल्यास वाट भोपाळच्या प्रोफेसर कॉलनीतील एका घरापाशी जाऊन पोहोचते. त्या घराचे यजमान जनगढ सिंह श्याम यांचे नाव या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर नाही. आतल्या पानांवरची झाडे, हरणे आणि पाखरे मात्र त्यांच्याच रेषेच्या कुळातली आहेत.

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या आरंभी, तेव्हाच्या मंडला आणि आताच्या दिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढ या खेड्यात त्यांचा जन्म झाला. जनगणनेच्या सुमारास जन्मले म्हणून जनगढ, असे त्यांच्या नावाविषयी सांगतात. कूळ परधान गोंडांचे. यजमानाच्या दारी जाऊन बाणा हे तंतुवाद्य वाजवीत देवांची आणि पूर्वजांची गाथा गाणे हा परधानांचा पिढीजात व्यवसाय. याच पाटनगढात व्हेरिअर एल्विन आणि त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे यांनी दीर्घकाळ मुक्काम केला होता. हिवाळे यांचा परधानांवरील ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला. पुढे यजमानांची ऐपत ओसरली, तसे गाणाऱ्यांचे पोटही रिते राहू लागले. जनगढांची शाळा गरिबीने सुटली. म्हशी राखणे आणि जवळच्या गावी दूध विकणे हे त्यांचे बालपण. सोळाव्या वर्षी सोनपूरच्या ननकुसिया यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पणजीत मांडवीकाठची कला अकादमी ज्यांनी उभारली, त्या मूळ गोमंतकीय चार्ल्स कोरिया यांनीच भोपाळच्या मोठ्या तलावाच्या उतारावर भारत भवन बांधले. तेथील रूपंकर कलासंग्रहालयाची धुरा चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्याकडे होती. आदिवासी कलावंताला वस्तुसंग्रहालयातील नमुना न मानता समकालीन चित्रकार मानावे आणि शहरी चित्रकाराच्या शेजारी त्याचे चित्र लावावे, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी त्यांनी मध्य प्रदेशातील खेडोपाडी आपली माणसे धाडली. १९८१च्या ऑक्टोबरात त्यांतील एक तुकडी पाटनगढला पोहोचली आणि जनगढांनी भिंतीवर केलेल्या कामाने थबकली. फेब्रुवारी १९८२ मध्ये भारत भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हा पहिल्याच प्रदर्शनात या विशीतल्या तरुणाची चित्रे होती. पुढे त्यांना तेथील मुद्राचित्रण विभागात नोकरी मिळाली आणि कुटुंब भोपाळला आले.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आज गोंड चित्रकला म्हणून जी ओळखली जाते, ती फार प्राचीन आहे असे सर्रास मानले जाते. प्राचीन होती ती गाणी, आणि स्त्रिया घराच्या भिंतींवर व अंगणात रेखत ती दिग्ना नावाची भूमितीय नक्षी. बडादेव साजाच्या झाडात वसतो आणि बाण्याच्या सुरांनी जागा होतो, त्याला मूर्ती नव्हती. कागद, कॅनव्हास, शाई आणि पोस्टर रंग हाती आल्यावर जनगढांनी ऐकीव देवांना प्रथमच देह दिला. बडादेव, ठाकूरदेव, फुलवारी देवी हे सारे ठिपक्यांच्या दाट रांगांतून आणि केसासारख्या बारीक रेषांतून आकार घेऊ लागले. हरणाच्या शिंगांतून झाड फुटावे, झाडाने पाखराचे रूप घ्यावे, ही त्यांची करणी. गायकाच्या मुलाने गाणे चितारले, आणि त्याला पूर्वीचा कोणताही कित्ता नव्हता. समीक्षकांनी या शैलीला जनगढ कलम म्हटले, ते यथार्थच होय.

मानसन्मान झपाट्याने आले. १९८६ मध्ये मध्य प्रदेश शासनाचा शिखर सन्मान, १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील गाजलेल्या प्रदर्शनात स्थान, आणि पुढे कोरियांनीच रचलेल्या भोपाळच्या विधान भवनातील भव्य भित्तिचित्रे. जपानवारीच्या आठवणीने त्यांनी एका लेकीचे नाव जपानी ठेवले.

मात्र मोठे काम घडत होते ते घरातच. पाटनगढ आणि आसपासचे आप्त भोपाळला येत, जनगढांकडे उतरत, त्यांच्या चित्रांत ठिपके भरता भरता हात बसवीत. पुढे त्यांनी प्रत्येकाने भरणीची स्वतःची खूण घडवली. त्या खुणेवरून जाणकार आजही चित्रकार ओळखतो. पुतण्या भज्जू श्याम रात्रपाळीचा पहारेकरी होता. ननकुसियांचे भाऊ सुभाष व्याम आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई हेही याच गोतावळ्यातले.

२००१ साली जनगढ जपानच्या निगाता प्रांतातील मिथिला संग्रहालयात चित्रे काढण्यासाठी गेले. मुक्काम लांबला. घरी परतण्याची ओढ त्यांच्या पत्रांत उमटली होती. जुलैमध्ये तेथेच त्यांनी जीवनाचा अंत केला. वय चाळिशीच्या आसपास. देशभरातील कलावंतांनी चौकशीची मागणी केली. लोककलावंताला परदेशी धाडताना त्याच्या परतीची हमी कोण घेतो, हा तेव्हा उठलेला प्रश्न आजही गैरलागू झालेला नाही.

चित्रपुस्तके आली ती यानंतर. भज्जूंनी लंडनमधील दोन महिन्यांच्या वास्तव्यावर काढलेले पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सने २००४ मध्ये प्रकाशित केले. त्यात विमानाचा हत्ती झाला आहे आणि बिग बेनचा कोंबडा. परक्या शहराला असे पाटनगढच्या नजरेने पाहण्याचे धाडस जनगढांच्या तालमीतूनच आले असावे. २००६ मध्ये भज्जू, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती यांनी झाडांच्या रात्रजीवनाचे पुस्तक केले. काळ्या हातकागदावर हाताने छापलेल्या त्या पुस्तकाला २००८ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात पुरस्कार मिळाला. भज्जूंना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटेल ते २०११चे ‘भीमायन’. दुर्गाबाई आणि सुभाष यांनी त्यात डॉ. आंबेडकरांचे चरित्र चितारले. साताऱ्याहून गोरेगावला निघालेला, वाटेत पाण्यासाठी तळमळणारा लहानगा भीम तेथे भेटतो. आगगाडी सापासारखी वळणे घेते. मायेने बोलणाऱ्या माणसांचे शब्द पाखराच्या आकारात मांडलेले आहेत, आणि विटाळ मानणाऱ्यांच्या शब्दांना विंचवाची नांगी आहे.