लहान मेंदूचे गणित मांडणारा तरुण

सायकल शिकताना मूल दहा वेळा पडते आणि एक दिवस त्याचे हातपाय आपोआप तोल सांभाळू लागतात. मेंदू हे कसे शिकतो, याचे उत्तर डेव्हिड मार यांनी वयाच्या चोविसाव्या वर्षी मांडले.

मार यांचा जन्म १९ जानेवारी १९४५ रोजी इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणित शिकून ते मेंदूच्या अभ्यासाकडे वळले. डोक्याच्या मागच्या बाजूला, खाली असलेल्या लहान मेंदूतील पेशींची जोडणी तोवर बरीच उलगडली होती. जॉन एकल्स व सहकाऱ्यांचा त्यावरील ग्रंथ १९६७ मध्ये आला होता. पण ही जोडणी नेमके काय साधते, हे कोडेच होते.

१९६९ च्या शोधनिबंधात मार म्हणाले, की लहान मेंदू हालचाली शिकतो. तेथील पर्किंजे पेशीला लाखाहून अधिक बारीक तंतू शरीराच्या स्थितीची खबर देतात. शिवाय एकच तंतू तिला वेलीसारखा वेढतो. हा वेलतंतू म्हणजे शिक्षक. तो इशारा देतो त्या क्षणी जे बारीक तंतू कार्यरत असतात, त्यांचे पेशीशी असलेले जोड पक्के होतात आणि हालचाल अंगवळणी पडते.

यात एक गोष्ट उलटी निघाली. जोड पक्के नव्हे, कमकुवत होतात, असे जेम्स आल्बस यांनी १९७१ मध्ये सुचवले. वेलतंतू चूक दाखवतो आणि चुकीला कारणीभूत जोड ढिले पडतात. जपानच्या मासाओ इतो यांनी १९८२ मध्ये सशांवरील प्रयोगांत जोड कमकुवत होताना दाखवले. पुढे उंदरांवरही प्रयोग झाले. आवाजापाठोपाठ डोळ्यावर हवेचा झोत सोडत राहिले, की काही दिवसांत उंदीर आवाज ऐकताच डोळा मिटू लागतो. लहान मेंदूचा संबंधित भाग निकामी असेल, तर त्याला हे जमत नाही. शिक्षकाची मूळ कल्पना मात्र मार यांचीच.

ते स्वतः १९७३ मध्ये अमेरिकेत एमआयटीत गेले आणि दृष्टीच्या अभ्यासात रमले. १९७७ च्या अखेरीस त्यांना रक्ताचा कर्करोग असल्याचे कळले. उपचार घेत असतानाच त्यांनी ‘व्हिजन’ हे पुस्तक लिहिले. १७ नोव्हेंबर १९८० रोजी, अवघ्या ३५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले, इतोंचा प्रयोग जाहीर झाला त्याच वर्षी. दोन्ही पाहायला मार नव्हते.