फ्रान्सिनाबाई सोराबजी : एका शिक्षिकेचे स्मरण

हिंदुस्थानातील पहिल्या स्त्री-वकील म्हणून कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव पुष्कळांच्या कानावर आहे. परंतु ज्या मातेजवळ त्यांनी पहिले धडे गिरवले, त्या फ्रान्सिनाबाईंची आठवण आपल्या मंडळ्यांत क्वचितच निघते. बाईंचे सारे आयुष्य शिकवण्यात गेले. शब्बाथ शाळेत शिकवणाऱ्या बंधुभगिनींनी त्यांचे चरित्र अवश्य ध्यानी घ्यावे.

फ्रान्सिनाबाईंचा जन्म १८३३ सालचा. सर फ्रान्सिस फोर्ड व लेडी फोर्ड या इंग्रज दांपत्याने त्यांना पोटच्या मुलीप्रमाणे वाढवले. पुढे त्यांचा विवाह रेव्हरंड सोराबजी खरसेटजी यांच्याशी झाला. खरसेटजी मूळचे पारशी. तरुणपणी ख्रिस्ताचा स्वीकार केल्यामुळे त्यांना आप्तांकडून फार छळ सोसावा लागला, पण ते विश्वासात ढळले नाहीत. चर्च मिशनरी सोसायटीच्या सेवेत ते नाशकास असताना १८६६ साली कॉर्नेलियाचा जन्म झाला. त्यानंतर काही वर्षे हे कुटुंब बेळगावात होते, आणि पुढे पुण्यास स्थायिक झाले.

या दांपत्यास सात मुली व एक मुलगा. मुलीच मुली झाल्या म्हणून हळहळण्याचा तो काळ. फ्रान्सिनाबाईंना मात्र मुलींचा आनंदच वाटे. या देशातील स्त्रियांची सेवा करायला स्त्रियाच पुढे आल्या पाहिजेत, आणि त्या आपल्या घरातून का येऊ नयेत, असा त्यांचा विचार होता.

१८७६ साली त्यांनी पुण्यात आपल्या राहत्या घरी व्हिक्टोरिया हायस्कूल सुरू केले. आरंभी मुले अगदी मोजकी होती. पण त्या लहानशा वर्गात हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती व युरोपियन अशी सर्वांची मुले एकत्र बसत. मुलगे आणि मुलीही बरोबरच शिकत. जातिभेद आणि वर्णभेद अगदी कडक पाळले जात असताना ही गोष्ट सोपी नव्हती. शिवाय सर्वांना इंग्रजी शाळा परवडणारी वा रुचणारी नव्हती, म्हणून बाईंनी मराठी व उर्दू भाषेतून शिकवणाऱ्या शाळाही काढल्या. या कामासाठी निधी हवा होता. तेव्हा १८८६ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे व्याख्याने देऊन त्यांनी मदत मागितली.

शाळा सुटली तरी बाईंचे दार बंद होत नसे. अडल्यानडल्या स्त्रिया सल्ल्यासाठी घरी येत. कॉर्नेलियाबाईंनी लिहून ठेवलेल्या आठवणींत अशी एक हकिगत आहे. एक श्रीमंत विधवा रडत आली. तिच्या कारभाऱ्याने कोऱ्या कागदावर तिची सही घेऊन सारी मालमत्ता आपल्या नावावर करून घेतली होती. पडद्यात राहणारी ती बाई पुरुष वकिलापुढे तोंड उघडणार कशी? ती गेल्यावर मातेने लहानग्या कॉर्नेलियाला जवळ घेऊन सर्व समजावून सांगितले, आणि अशा स्त्रियांना साह्य करायचे असेल तर कायदा शीक, असे सुचवले.

मातेचा तो शब्द मुलीने वाया जाऊ दिला नाही. डेक्कन कॉलेजातून ती पदवी परीक्षेत उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली. इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मात्र ती स्त्री असल्यामुळे तिला नाकारण्यात आली. इंग्लंडातील हितचिंतकांनी वर्गणी जमवली, तेव्हा १८८९ साली ती ऑक्सफर्डला पोहोचली. १९०४ पासून बंगाल प्रांतात सरकारी अधिकारी म्हणून तिने पडद्यातील सुमारे ६०० स्त्रिया व पोरकी मुले यांचे हक्क राखण्यासाठी झीज सोसली. दुसरी मुलगी अ‍ॅलिस डॉक्टर झाली आणि सरहद्दीवरील बन्नू येथे तिने रुग्णसेवा केली. सुसी हिने आईचे शिक्षणकार्य हाती घेतले. पुण्यातील सेंट हेलेनाज शाळा ही तिचीच निर्मिती.

१८९४ साली पतीचे निधन झाले. पुढे उतारवयात शाळांचा भार मुलींवर सोपवून फ्रान्सिनाबाई नाशकास जाऊन राहिल्या, आणि १९१० साली तेथेच प्रभूच्या विसाव्यात गेल्या.

पुष्कळ चांगली कामे करणाऱ्याबरोबरच संपतात. आपल्यावाचून हे चालणार नाही, या समजुतीने आपण किल्ल्या शेवटपर्यंत कमरेलाच ठेवतो. फ्रान्सिनाबाईंनी तसे केले नाही. हाती काम होते तेव्हाच पुढची माणसे त्यांनी घडवली, आणि वेळ येताच त्यांच्या हाती किल्ल्या दिल्या. आपल्या शब्बाथ शाळेच्या चटईवर बसणाऱ्या लेकरांपैकी उद्या आपली जागा कोण घेणार, हे आपण आज कधी पाहतो का? त्या लेकराला जवळ घेऊन एक शब्द सांगण्याची बुद्धी प्रभू आपणा प्रत्येकास देवो.