छातीतले आवाज ऐकणारा डॉक्टर

मेडिकल, नर्सिंग किंवा फिजिओला अ‍ॅडमिशन झाली की पहिली खरेदी ठरलेली. पांढरा अ‍ॅप्रन आणि स्टेथोस्कोप! तो गळ्यात अडकवून काढलेला फोटो फॅमिली ग्रुपवर जातो आणि घरचे लगेच ‘डॉक्टरसाहेब’ म्हणायला लागतात. पण हा स्टेथोस्कोप ज्याने बनवला, तो आपल्याला माहीत असतो फक्त व्हायवापुरता. नाव रेने लेनेक, साल १८१६, पुढचा प्रश्न. त्याची खरी गोष्ट मात्र चटका लावणारी आहे.

रेनेचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ चा, फ्रान्सच्या ब्रिटनी भागातला. तो जेमतेम पाच वर्षांचा असताना आई क्षयाने, म्हणजे टीबीने गेली. पुढे तो नाँत शहरात डॉक्टर असलेल्या काकांकडे वाढला. बाहेर फ्रेंच राज्यक्रांतीची धामधूम चालू होती आणि हा पोरगा काकांचं बघून हॉस्पिटलात पेशंटची मलमपट्टी शिकत होता. १८०१ मध्ये तो मेडिकल शिकायला पॅरिसला आला.

तिथे त्याला गुरू भेटले ज्यां कोर्व्हिसार, नेपोलियनचे डॉक्टर. छातीवर बोटांनी टकोरे मारून आत काय आहे ते ओळखायची पद्धत ते शिकवायचे. मूळ पद्धत ऑस्ट्रियाच्या लिओपोल्ड ऑएनब्रुगरची, १७६१ सालची. त्याचे वडील खानावळवाले. पिंप किती भरलंय हे टकोरा मारून कळतं, तसंच छातीचंही. हवा भरलेल्या फुप्फुसावर टकोरा मारला तर पोकळ आवाज येतो, पाणी साचलं असेल तर बद्द आवाज येतो.

१८१६ मध्ये लेनेक पॅरिसच्या नेकेर हॉस्पिटलात रुजू झाला. त्याच वर्षी त्याचा जवळचा मित्र डॉ. गास्पार बेल टीबीनेच गेला होता. वॉर्डातही टीबीचे पेशंट भरपूर. एक दिवस हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुणी आली. अंगाने जाड, त्यामुळे टकोऱ्यांचा उपयोग होईना. तेव्हा डॉक्टर थेट छातीला कान लावून ऐकायचे, पण तरुण मुलीच्या बाबतीत ते कसं करणार? लेनेकला एक साधी गोष्ट आठवली. लाकडाच्या एका टोकाला टाचणीने खरवडलं, तर दुसऱ्या टोकाला कान लावल्यावर ते स्पष्ट ऐकू येतं. त्याने वहीचे कागद घट्ट गुंडाळले, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं आणि दुसऱ्याला कान लावला. हृदयाचे ठोके कान लावून ऐकण्यापेक्षाही स्वच्छ ऐकू आले!

मग त्याने स्वतः लाकडाची साधारण फूटभर लांबीची पोकळ नळी तयार केली. छाती आणि पाहणे या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून तिचं नाव ठेवलं स्टेथोस्कोप. दोन्ही कानांत घालायचा स्टेथोस्कोप यायला १८५० चं दशक उजाडलं.

पण नळी बनवणं हा सोपा भाग होता. आवाज ऐकू आला, त्याचा अर्थ काय? लेनेक पेशंट जिवंत असताना काय ऐकू येतं ते लिहून ठेवायचा. पेशंट दगावला तर शवविच्छेदन करून तो आवाज कुठून येत होता ते शोधायचा. असं पेशंटमागून पेशंट, तीनेक वर्षं. तव्यावर मीठ तडतडावं तसा आवाज न्यूमोनियाचा. शेळीच्या बेंबें करण्यासारखा थरथरता आवाज आला, तर फुप्फुसाभोवती पाणी. पेशंटचं बोलणं थेट छातीतूनच येतंय असं वाटलं, तर टीबीने फुप्फुसात पाडलेली पोकळी. हे सगळं १८१९ च्या त्याच्या पुस्तकात आलं.

गंमत म्हणजे हृदयाच्या ‘लब-डब’चा त्याने लावलेला अर्थ अर्धवटच बरोबर होता. दुसरा आवाज हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावल्याचा, असं त्याला वाटलं. आज आपण शिकतो की दोन्ही आवाज मुख्यतः झडपा बंद होण्याचे असतात. खालचे कप्पे आकुंचन पावायला लागले की वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटतात, तो ‘लब’. रक्त बाहेर ढकललं गेलं की मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात, तो ‘डब’. म्हणजे लेनेकने ऐकलं अचूक, पण कारण चुकलं. ते पुढच्यांना सुधारता आलं, कारण काय ऐकलं ते त्याने नीट लिहून ठेवलं होतं.

या कामाने तो पार थकला. पुस्तक आल्यावर विश्रांतीसाठी ब्रिटनीत गेला, परत आला, १८२२ मध्ये प्राध्यापकही झाला. पण खोकला, ताप, वजन उतरणं काही थांबेना. १८२६ मध्ये पुस्तकाची दुसरी आवृत्ती हातावेगळी केली, तेव्हा तो खूपच आजारी होता. नात्यातला तरुण डॉक्टर मेरियादेक याला त्याने आपली छाती तपासायला सांगितली, त्याच स्टेथोस्कोपने. मेरियादेकने जे ऐकलं ते सांगितलं. टीबीची ती लक्षणं लेनेकने स्वतःच जगाला शिकवली होती. कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

१३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी तो गेला. टीबीचा जंतू रॉबर्ट कॉखने शोधला तो १८८२ मध्ये, म्हणजे ५६ वर्षांनी. औषधं तर त्याहून पुष्कळ उशिरा आली. लेनेकला आजार ओळखता येत होता, बरा करता येत नव्हता. तरीही त्याने ओळखायचं काम सोडलं नाही, आणि बरं करणाऱ्यांना नंतर तेच कामाला आलं.

आजही पेशंट तपासायचे चार टप्पे शिकवतात: बघा, हात लावून पाहा, टकोरे मारा, ऐका. आता सोनोग्राफी आहे, सीटी स्कॅन आहे, पण पेशंटजवळ बसून सुरुवात इथूनच होते. जाताना लेनेकने मृत्युपत्रात आपला स्टेथोस्कोप मेरियादेकच्या नावे केला. ज्या स्टेथोस्कोपमधून स्वतःच्या मरणाची खात्री झाली, तोच त्याने पुढच्या डॉक्टरच्या हातात दिला.