गोडसे भटजींची लांबची वाट

तुमच्यापैकी काही जण पिंकनीच्या पोटावाटोमी ट्रेलवर सायकल चालवतात. साधारण २७ किलोमीटरची ती कच्ची वाट आहे. वाटेत झाडांची मुळं, दगड आणि चढउतार. काही जण तर सायकलला तंबू आणि खाऊचे डबे बांधून दोन-दोन दिवस फिरतात. आता हजार किलोमीटरहून लांब वाट डोळ्यांसमोर आणा. म्हणजे ॲन आर्बरहून जवळजवळ न्यूयॉर्कपर्यंत! सायकल नाही, फोन नाही, आणि वाटेत युद्ध पेटलेलं. अशा वाटेवरून पायी गेलेल्या माणसाची ही गोष्ट आहे.

त्यांचं नाव विष्णुभट गोडसे. त्यांचा जन्म १८२७ साली कोकणातल्या वरसई गावात झाला. हे गाव रायगड जिल्ह्यात, पेणजवळ आहे. घरात भिक्षुकी चालायची, म्हणजे लोकांकडे पूजा आणि धार्मिक विधी करायचे आणि मिळेल त्या दक्षिणेवर घर चालवायचं. पण पैसे पुरायचे नाहीत. डोक्यावर कर्ज होतं.

मग एक बातमी आली. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे उत्तरेत मथुरेला मोठा यज्ञ करणार होत्या. तिथे चांगली दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, असं विष्णुभटांना वाटलं. आईवडिलांना काळजी वाटत होती. तरी १८५७ च्या मार्च महिन्यात विष्णुभट आणि त्यांचे काका रामभट घरातून निघाले.

नकाशा उघडा आणि त्यांची वाट बोटाने शोधा बरं. आधी सह्याद्रीचा घाट चढून पुणे. मग उत्तरेकडे, तापी नदी ओलांडून सातपुड्याचे डोंगर. पुढे नर्मदा, आणि तिच्या पलीकडे विंध्य पर्वत. सामान अगदी थोडं. जिथे आसरा मिळेल तिथे मुक्काम.

महूच्या अलीकडे त्यांना काही शिपाई भेटले. लवकरच इंग्रजांविरुद्ध मोठा उठाव होणार आहे, असं त्यांनी सांगितलं. आता काय करायचं? परत गेलं तर कर्ज तसंच राहणार. पुढे गेलं तर जिवाला धोका. तुम्ही असता तर काय केलं असतं? काका-पुतणे पुढे गेले.

फिरत फिरत ते झाशीला पोचले. तिथे राणी लक्ष्मीबाईंचं राज्य होतं. विष्णुभटांना तिथे मान मिळाला, दक्षिणाही मिळाली. पण मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोज याने झाशीला वेढा घातला. रात्रंदिवस तोफा धडाडत होत्या. एप्रिलच्या सुरुवातीला इंग्रजांचं सैन्य शहरात घुसलं. घरं लुटली, जाळली, खूप माणसं मारली. काका-पुतणे लपून राहिले, म्हणून वाचले. पण साठवलेले पैसे लुटले गेले. ज्या पैशांसाठी एवढी पायपीट केली, तेच हातातून गेले!

काल्पीच्या वाटेवर विष्णुभटांना राणी पुन्हा दिसल्या. धुळीने माखलेल्या, तहानलेल्या. विष्णुभट त्यांच्यासाठी विहिरीतून पाणी काढायला पुढे झाले, पण राणींनी त्यांना थांबवलं आणि स्वतःच पाणी काढलं.

पुढे विष्णुभट काशीला गेले. तिथून त्यांनी गंगाजलाची कावड घेतली. कावड म्हणजे खांद्यावर घ्यायची लांब काठी. तिच्या दोन्ही टोकांना पाण्याची भांडी टांगलेली असतात. एवढं वजन घेऊन पुन्हा तेच डोंगर, त्याच नद्या. हे पाणी त्यांना आईवडिलांसाठी न्यायचं होतं.

घर सोडल्याला अडीच वर्षं उलटून गेली होती. युद्धाच्या काळात गेलेली माणसं परत येतील, याची घरच्यांना आशा तरी किती असणार? आणि एक दिवस विष्णुभट वरसईला आले. पैसे फारसे नव्हते, पण खांद्यावर गंगा होती. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं.

साधारण २५ वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून विष्णुभटांनी हे सगळं लिहून काढलं. पण तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. ते छापणं धोक्याचं होतं. म्हणून विष्णुभट गेल्यानंतर, १९०७ साली, वैद्यांनी ते पुस्तक छापलं. पुस्तकाचं नाव ‘माझा प्रवास’.

राजे आणि सेनापती यांच्याबद्दल खूप लिहिलं जातं. पण झाशीच्या गल्लीत लपलेल्या साध्या माणसाला काय दिसलं, हे आपल्याला कळतं ते या भटजींमुळे. तुमच्या आजीआजोबांनीही लांबचे प्रवास केले असतील. या रविवारी त्यांना फोन करा आणि विचारा. आणि हो, ऐकलेलं लिहून ठेवा!

नवीन शब्द
भिक्षुकी – पूजा सांगण्याचं काम
दक्षिणा – पूजेनंतर भटजींना देतात ते पैसे
मुक्काम – प्रवासात थांबणं
वेढा – शत्रूने चारही बाजूंनी अडवणं
पायपीट – खूप चालणं

उत्तरे लिहा
१. विष्णुभट घरातून का निघाले?
२. ते घरी परतताना काय घेऊन आले?
३. पुस्तक लगेच का छापलं नाही?
४. तुम्ही महूच्या वाटेवरून परत फिरला असता का? पाच वाक्यं लिहा.