अलेक्झांडर फ्लेमिंग

सर अलेक्झांडर फ्लेमिंग (६ ऑगस्ट, १८८१ – ११ मार्च, १९५५) हे स्कॉटिश वैद्य व जीवाणुशास्त्रज्ञ होते. पेनिसिलिनच्या शोधाबद्दल त्यांना हॉवर्ड फ्लोरी व अर्न्स्ट चेन यांच्यासमवेत १९४५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. औषध जंतूंना मारते की नाही, याबरोबरच ते पांढऱ्या रक्तपेशींना इजा करते का, हा प्रश्न त्यांच्या संशोधनात सातत्याने आढळतो.

प्रारंभिक जीवन

फ्लेमिंग यांचा जन्म स्कॉटलंडमधील डार्व्हेल गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. लंडनमध्ये काही काळ कारकुनी केल्यानंतर त्यांनी सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात शिक्षण घेतले. १९०६ साली ते तेथेच आल्मरॉथ राइट यांचे साहाय्यक झाले. जंतूंचे भक्षण करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी हे शरीराचे प्रमुख संरक्षण होय, असे राइट यांचे मत होते.

पहिले महायुद्ध

महायुद्धाच्या काळात फ्लेमिंग यांनी फ्रान्समधील बूलॉन्य येथील लष्करी प्रयोगशाळेत काम केले. जखमा चिघळून असंख्य सैनिक दगावत होते. त्या काळी जखमांवर कार्बोलिक आम्लासारखी जंतुनाशके वापरली जात. वेड्यावाकड्या जखमांची काचेची प्रतिकृती बनवून फ्लेमिंग यांनी दाखवले की, ही द्रव्ये खोलवरच्या जंतूंपर्यंत पोहोचत नाहीत. उलट पांढऱ्या रक्तपेशी मात्र त्यांमुळे जंतूंच्या आधी नष्ट होतात. तरीही अनेक शल्यचिकित्सकांनी जुनी पद्धत सोडली नाही.

पेनिसिलिन

१९२१ साली त्यांनी अश्रू व नाकातील स्राव यांत असणारे लायसोझाइम हे जीवाणुविघटक विकर शोधले. सप्टेंबर १९२८ मध्ये जीवाणूंच्या एका बशीत वाढलेल्या पेनिसिलियम बुरशीभोवतीचे जीवाणू विरघळल्याचे त्यांना दिसले. बुरशीच्या द्रवाची त्यांनी पांढऱ्या रक्तपेशींवरही चाचणी घेतली. सहाशे पट विरल केलेला द्रव स्टॅफिलोकॉकस जीवाणूंची वाढ पूर्णपणे रोखत असे. परंतु पांढऱ्या रक्तपेशींच्या कार्यात तो साध्या मांसरसाहून अधिक बाधा आणत नसे. हे निष्कर्ष १९२९ साली प्रसिद्ध झाले. पेनिसिलिन जीवाणूंच्या पेशीभित्तिकेची बांधणी रोखते आणि मानवी पेशींना अशी भित्तिका नसते, हे या फरकाचे कारण पुढे स्पष्ट झाले.

हे द्रव्य अस्थिर असल्याने फ्लेमिंग यांना ते शुद्ध स्वरूपात मिळवता आले नाही व शोध जवळपास दशकभर दुर्लक्षित राहिला. ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन व नॉर्मन हीटली यांनी ते वेगळे करून १९४० साली उंदरांवर व १९४१ साली रुग्णांवर वापरले.

उत्तरायुष्य

१९४४ साली फ्लेमिंग यांना सर हा किताब मिळाला. अपुऱ्या मात्रेमुळे जीवाणू पेनिसिलिनला दाद देईनासे होतील, असा इशारा त्यांनी नोबेल व्याख्यानात दिला होता. १९५५ साली लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये आहेत.