पंडिता रमाबाईंची शिदोरी

परदेशांतील शिक्षण पाहावयास निघालेल्या शिक्षकाची तयारी कोणती, असें विचारतांच आपल्याकडे परवाना, गरम कपडे व पैसा हीं तीन नांवें निघतात. व्यापारी वाचकांस तिसरी बाब आधीं सुचेल, व त्याबद्दल आम्ही त्यांस दोष देत नाहीं. परंतु १८८३ सालीं विलायतेस निघालेल्या पंडिता रमाबाईंची तयारी पाहिली म्हणजे ही यादी फारच तोकडी वाटूं लागते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. पिते अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, व त्या मातेनें मुलीस. आईबाप दुष्काळांत गेलीं. बंधूसह देश पायीं तुडवीत ही मुलगी १८७८ त कलकत्त्यास पोंचली, आणि तेथील पंडितांनीं तिच्या विद्वत्तेचा गौरव केला. पुढें बंधु वारले, विवाह झाला, व १८८२ च्या आरंभीं पतीही निवर्तले. वर्षाची मनोरमा कडेवर घेऊन बाई पुण्यास आल्या.

त्या एका वर्षांत बाईंनीं काय केलें नाहीं? आर्य महिला समाज स्थापिला. इंग्रजीचे धडे घेतले. हंटर कमिशनापुढें साक्ष दिली. मुलींच्या शाळांस स्त्रीशिक्षिका तयार कराव्या, त्यांस पुरुषांहून अधिक वेतन द्यावें आणि स्त्रियांस वैद्यकी शिकवावी, हा त्या साक्षीचा आशय. वेतनाची ती सूचना वाचून आजचेही कित्येक शाळाचालक भुंवया चढवितील! हेंच वैद्यकीचें शिक्षण आपण स्वतः घ्यावें म्हणून बाईंनीं विलायतेचा मार्ग धरिला. भाड्याची सोय होण्यास त्यांनीं स्वतः लिहिलेल्या स्त्रीधर्मनीति या पुस्तकाच्या विक्रीचा आधार झाला. ज्या गांवांत विद्वत्तेच्या स्तुतीस तोटा नव्हता, तेथें एका विधवेस प्रवासखर्चासाठीं आपली लेखणी विकावी लागली, हें आम्हांस भूषणावह वाटत नाहीं.

विलायतेंत बहिरेपणामुळें वैद्यकीचें दार बंद झालें. वाँटेज येथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि इकडे त्यांच्या नांवानें जो गहजब झाला त्यांत त्यांचें शिक्षणाचें काम पुष्कळांच्या दृष्टीआड गेलें. कोणीं कोणता धर्म घ्यावा हा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा प्रश्न आहे. आम्ही येथें कामाचा हिशेब पाहत आहों. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत त्या शिकल्या व संस्कृत शिकवूंही लागल्या. १८८६ त डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं अमेरिकेस गेल्या, त्या तेथेंच राहून फ्रेबेलची बालशिक्षणपद्धति शिकल्या. उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर त्यांनीं १८८७ त इंग्रजींत पुस्तक लिहिलें, गांवोगांवीं व्याख्यानें दिलीं, आणि बोस्टन येथें त्यांच्या नांवाची मंडळी उभी राहून तिनें दहा वर्षें खर्च चालविण्याचें पत्करिलें. जातांना पुस्तक विकून भाडें जमविणारी बाई येतांना एका संस्थेचें भांडवल घेऊन आली. आमच्या पेढीवाल्या वाचकांनीं हा जमाखर्च अवश्य ताडून पाहावा.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. तेथें प्रथम आलेल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी नांवाची एक बालविधवा होती. १८९३ त तिचा पुनर्विवाह प्रोफेसर धोंडो केशव कर्वे यांच्याशीं झाला.